वांझ ठरवलेली मिरवेल

गुरुवार

"मिरी? ती शिरसीची, नायतर कोडगूची. आमच्यात मिरची बघा की वो. संकेश्वरी हाय, ब्याडगी हाय, कुठली देऊ?" बेळगावच्या रविवार पेठेतल्या दुकानदारानं पोत्यातली मूठभर मिरची माझ्या नाकासमोर धरली आणि मला शिंकांचा सपाटा लागला. खानापूरच्या रानात मिरी बघायला चाललोय म्हटल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला. त्याचंही बरोबर होतं. संकेश्वर ह्याच जिल्ह्यातलं, आणि कोल्हापूरकडचं तिखट त्या मिरचीशिवाय व्हायचं नाही. अशा मुलखात मिरीची चौकशी करणारं गिऱ्हाईक थोडं हललेलंच वाटणार.

पण नावाचा हिशेब उलटा आहे. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या जहाजातून आली आणि इथल्या लोकांनी तिला मिरीचंच नाव जरा वळवून दिलं. कोकणीत तर मिरचीला अजून मिरसांग म्हणतात, म्हणजे मिरीची शेंग. धाकटी जाऊ आली आणि तिनं स्वयंपाकघरच बळकावलं, तशातली गत. मिरी आता साबुदाणा वड्यात, उपासाच्या पदार्थांत आणि सर्दी झाल्यावर.

ह्या सगळ्या प्रवासाला कारण माझा मावसभाऊ. तो वनस्पतिशास्त्र शिकवतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून दादा. मागच्या महिन्यात त्याला मी एक बातमी पाठवली होती: दूरच्या उष्ण कटिबंधातल्या डोंगरी जंगलात चढत्या मिरवेलीची एक नवी जात सापडली, तिचं शास्त्रीय वर्णन झालं, वगैरे. वर मी लिहिलं, 'अजून नव्या मिऱ्या सापडतात?' त्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं. 'नवी म्हणजे काय ते बघायचं असेल तर आधी जुनी बघ. जुलैत रजा काढ. पायाला मोजे लांब आण.'

तर दुपारी आमची बस पिरनवाडी मागे टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागली. पाटी कन्नडात, कंडक्टरची हाळी दोन्ही भाषांत, शेजारच्या बाईंचं भांडण शुद्ध मराठीत. कुसमळीला मलप्रभा ओलांडली. पाणी चहाच्या रंगाचं. जांबोटीनंतर खिडक्या आतून धुरकटल्या आणि बाहेरचं जग म्हणजे नुसता हिरवा ओला कागद झाला. दादा मागच्या सीटवरून बोलत होता. ह्या घाटवाटांनी मिरीची पोती खाली बंदरांकडे जायची, खालच्या गेरसोप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीला पोर्तुगीज 'मिरीची राणी' म्हणत, आणि 'पेपर' हा शब्दसुद्धा आपल्या पिंपळीचा. संस्कृत पिप्पली, तिचं ग्रीकांनी पेपेरी केलं, रोमनांनी पायपर. म्हणजे नाव पिंपळीचं आणि चिकटलं मिरीला, असा हा घराण्यातला जुनाच घोळ. मी अर्धं ऐकलं. उरलेला वेळ बस वळणावर झाडांना किती जवळून जाते ते बघत होते.

कणकुंबीच्या अलीकडे उतरलो तेव्हा काका प्लास्टिकची खोळ पांघरून उभे होते. काका म्हणजे दादाच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. वाडीचं नाव लिहीत नाही, काकांना आवडणार नाही. रात्री चुलीपुढे नाचण्याची भाकरी आणि अळंब्यांचं कालवण. त्या कालवणावर वेगळा लेख लिहिता येईल. आजीनं, म्हणजे काकांच्या आईनं, तीनदा विचारलं, "पुण्याहून वेल बघायला आलासा? नुसती बघायला?"

शुक्रवार

सकाळी निघण्याआधी दादानं हद्द आखून दिली. भीमगड अभयारण्य इथून लागूनच. २०११ साली जाहीर झालेलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं. त्यात शिरायला आणि पान तोडायला परवाना लागतो, आमच्याकडे तो नव्हता. त्यामुळे काकांचं मालकीचं रान, त्यांची पोफळीची बाग आणि देवाचं रान, एवढाच आमचा मुलूख. देवाच्या रानात तर फक्त बघायचं. तिथलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही, हे काकांनी दोनदा बजावलं.

जळवांसाठी निपाणीची तंबाखू भिजवून मोज्यांवर चोळली. निपाणीही ह्याच जिल्ह्यातली, त्यामुळे औषध घरचंच. गुण आला म्हणावा तर संध्याकाळी मी सतरा जळवा मोजल्या, आणि नाही म्हणावा तर दादाच्या पायावर छत्तीस. त्यानं तंबाखू लावली नव्हती, तत्त्व म्हणून. तत्त्व कुठलं ते कळलं नाही.

ह्या पट्ट्यातलं रान अंजनी-जांभळाचं. झाडं फार उंच नाहीत, पण खाली उजेड म्हणून काही शिल्लक ठेवत नाहीत. पहिली मिरवेल दहाव्या मिनिटाला दिसली, मला नाही, दादाला. मी ज्या खोडाला हात टेकून चप्पल नीट करत होते त्याच खोडावर ती होती. तळहातापेक्षा लहान पानं, हृदयाच्या आकाराची, सालीला इतकी घट्ट चिकटलेली की कुणीतरी ओल्या खोडावर तिकिटं चिकटवली आहेत असं वाटावं. मी म्हटलं, सापडली की! फोटो काढला.

"ही कोण ते सांगता येणार नाही," दादा म्हणाला.

"का?"

"लहान आहे. वर बघ."

दुर्बीण लावली. तीच वेल सात-आठ मीटर वर गेल्यावर वेगळीच झाली होती. खोडापासून बाहेर झुकलेल्या फांद्या, आणि त्यांवर लांबट, जाड, टोकाला निमुळती पानं. खालच्या पानाशी कसलंही नातं नाही. कुणी दोन पानं वेगवेगळी हातात दिली असती तर मी दोन झाडं म्हणून शपथेवर सांगितलं असतं.

इथे दादानं पिशवीतून चाकू काढला (मालकीच्या रानात होतो, काका शेजारी होते) आणि जमिनीवर पसरलेला वेलीचा एक तुकडा कापून माझ्या हातात दिला. चढणाऱ्या दोराचं प्रत्येक पेर फुगीर, आणि त्या पेरातून आखूड मुळांचा ब्रश. त्या मुळांनीच वेल झाडाला धरते. ह्या दोराचं काम फक्त वर जाणं. पुरेसा उजेड मिळाला की बाजूला फांद्या फुटतात, त्यांना ही धरायची मुळं नसतात, आणि तुरे फक्त त्यांच्यावर, पानाच्या बरोबर समोरच्या बाजूनं येतात. दोन्ही फांद्या आपापल्या स्वभावावर इतक्या ठाम असतात की बाजूच्या फांदीचं कलम जमिनीत लावलं तर ती चढतच नाही, झुडूप होऊन बसते. माझ्या आईनं पुण्यात बाल्कनीतल्या कुंडीला काठी लावून तीन वर्षं जिची वाट पाहिली ती मिरी चढत का नव्हती, ते मला खानापूरच्या चिखलात उभं राहून कळलं. नर्सरीवाल्यानं सांगितलं असतं तर काठी तरी वाचली असती.

दिवसभरात अकरा वेली मोजल्या. नऊ लहान, तुरा नसलेल्या. एकीला मागच्या वर्षीच्या घोसाचा वाळका दांडा, दाणा एकही नाही. अकराव्या वेलीची पानं खालून पांढुरकी चमकत होती. दादा तिच्यापाशी बराच वेळ थांबला, काही बोलला नाही, आणि मग म्हणाला, "चला, भूक लागली."

देवाचं रान उद्यावर टाकलं.

शनिवार

पावसानं देवाचं रान परवावर टाकलं.

असा पाऊस मी लहानपणी टिळकवाडीत बघितलाय असं मला वाटत होतं. बघितलेला नव्हता. बेळगावात पाऊस पडतो; इथे तो राहायला येतो. कौलांवरचा आवाज इतका अखंड की तासाभरानं तो ऐकू येईनासा झाला, आणि दुपारी मध्येच थांबला तेव्हा सगळेच दचकले.

त्यामुळे दिवसभर चुलीपाशी. दादाचा सगळा संसार तिथे मांडलेला: नमुने दाबून वाळवायची प्रेस, म्हणजे प्लायवूडचे दोन तुकडे आणि बांधायचे पट्टे, आणि बेळगावच्या मराठी पेपरची रद्दी. कालचे तुकडे एकेका कागदात पसरायचे, एक पान सुलटं आणि एक उलटं दिसेल असं ठेवायचं, वर कागद, मग पुढचा तुकडा. पावसाळ्यात कागद दर काही तासांनी बदलावे लागतात, नाहीतर सकाळी नमुन्याऐवजी बुरशी मिळते. जुने ओले कागद आजी चुलीवरच्या माळ्याखाली दोरीवर वाळत घालत होती आणि जाता जाता मोठ्यानं वाचत होती. गेल्या महिन्यातल्या श्रद्धांजल्या दुसऱ्यांदा वाचून तिनं दोन ओळखीची माणसं नव्यानं गमावली.

प्रत्येक तुकड्यासोबत चिठ्ठी. ठिकाण, तारीख, कुठल्या झाडावर चढली होती, तुऱ्याचा रंग, वास. रंग आणि वास वाळल्यावर उडून जातात, म्हणून ते तिथल्या तिथे लिहायचे. मिरीच्या तुऱ्याचं आणखी एक दुखणं. त्याची फुलं इतकी बारीक आणि त्यांच्याखालचे छद, म्हणजे फुलाखालची इवली पानं, इतके नाजूक की दाबल्यावर सगळं सपाट होतं, म्हणून एखादा तुरा स्पिरिटच्या बाटलीतही ठेवतात. आणि जाती तर त्या छदांवरच ओळखायच्या! आपल्या घाटातल्या एकीचं नाव 'गॅलिएटम', म्हणजे शिरस्त्राणवाली, त्या छदाच्या आकारावरून. दुसरी 'ट्रायकोस्टॅकिऑन', केसाळ कणसाची. पान बघून नाव सांगणारा माणूस मिरीच्या बाबतीत हमखास तोंडावर आपटतो. पायपर ह्या वंशात जगभर दोन हजारांहून जास्त जाती आहेत, आणि अर्ध्यांची पानं विड्याच्या पानासारखी. विड्याचं पानही त्यातलंच, पायपर बीटल.

"मग नवी जात कशी ठरवायची?" हे विचारायला मी तीन दिवस थांबले होते.

दादानं बोटं मोडली. आधी जुन्या सगळ्यांशी ताडून बघायची. म्हणजे कोलकाता, पुणे, मुंबई, कोल्हापूर इथल्या वाळलेल्या नमुन्यांच्या कपाटांपुढे दिवसच्या दिवस. मग ती कुणापेक्षा कशी वेगळी ते लिहायचं. एक नमुना 'हीच ती' म्हणून ठरवून संग्रहालयात ठेवायचा, पुढे कधी वाद झाला तर साक्षीला तो. नाव द्यायचं आणि छापायचं. १९३५ पासून २०११ पर्यंत हे वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागे. २०१२ पासून इंग्रजी चालतं.

"मराठी?"

"नाही."

"लॅटिन चालतं आणि मराठी नाही?"

"तुला कुणी अडवलंय, नियम बदलून घे," दादा म्हणाला आणि ओला कागद माझ्याकडे दिला.

काकांना वेलीपेक्षा तळेवाडीकडची वटवाघळं जास्त माहीत होती. भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहेत राहणारं एक मोठ्या कानाचं वटवाघूळ लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये शास्त्राला नवं म्हणून नोंदवलं, रॉटन नावाच्या वनाधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. कित्येक वर्षं जगात ते फक्त त्याच गुहेत आहे असं समजत. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही मिळालं. "नवं कुठलं," काका म्हणाले, "आमचा आजा त्या गुहेत जाऊन आलेला." ह्यावर दादाकडेही उत्तर नव्हतं. त्यानं फक्त सांगितलं की उलटंही झालेलं आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच गव्हर्नरानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ केला, त्यात मिरवेलही आहे, आणि त्याला माहिती देणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट असे तीन कोकणी वैद्य होते. १६७८ च्या पहिल्या खंडात त्यांचं निवेदन चक्क नागरी अक्षरात छापलंय. आजी मध्येच म्हणाली, "त्यांचं नाव छापलं, बरं झालं. औषध सांगणाऱ्याचं नाव कोण घेतंय?"

आणि मग पाऊस थांबला.

काकांनी बाग दाखवायला नेलं. पोफळी, मधे केळी, आणि पोफळींवर मिरी. काकांच्या ह्या वेली पन्नियूरच्या. केरळातल्या पन्नियूरला तयार झालेला मिरीचा पहिला संकर, १९७१ चा. तुरे नुकतेच सुटलेले. दादानं भिंग दिलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मिरीचं फूल बघितलं. फूल म्हणावं असं त्यात काही नाही. पाकळी नाही, रंग नाही. करंगळीएवढ्या हिरव्या दोरीवर मोहरीहून लहान गाठी, प्रत्येक गाठीच्या डोक्यावर पांढरी ओली चांदणी, तीन-चार टोकांची. तो स्त्रीकेसराचा माथा. काही गाठींना दोन्ही कुशींत एकेक टाचणीच्या टोकाएवढा पुंकेसर. काहींचा अजून यायचा होता. चांदणी आधी, परागकण नंतर. तुऱ्याच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता. दादा म्हणाला, परागकण पुंजक्यानं असतात, आणि पावसाचं पाणी तुऱ्यावरून ओघळताना ते वरच्या फुलांवरून खालच्यांवर नेतं असं मानतात. मी सकाळपासून ज्या पावसाला शिव्या देत होते तो बागेत कामावर होता.

काकांचं लक्ष दुसरीकडे. दोन वर्षांपूर्वी मर लागून त्यांच्या बावीस वेली गेल्या. पानं काळी पडली आणि आठ-दहा दिवसांत वेल उभी वाळली. मुळं कुजवणारी ती बुरशी, फायटॉप्थोरा. "रानटीवर कलम केलं तर टिकतंय काय?" त्यांनी विचारलं. अमेझॉनकडची पायपर कोलुब्रिनम ही जात त्या बुरशीला दाद देत नाही आणि तिच्या खुंटावर मिरीचं कलम करतात, हे दादानं सांगितलं. काकांनी नाव दोनदा म्हणून घेतलं. मला वाटलं, नव्या जातीची बातमी कुणाच्या कामाची, हा प्रश्न इथे बागेत विचारायला हवा.

बागेच्या टोकाला जुना फणस आहे. त्यावर शेंड्यापर्यंत गेलेली दांडगी मिरवेल.

"ही लावलेली न्हवं," काका म्हणाले. "आपसूक आलेली. रानमिरी. पण वांझ. आम्हाला कळतंय तवापासून एक दाणा न्हाई. यंदा काढून टाकायची म्हणूलालोय." आजीनं मागून दुजोरा दिला. "तुरे येतात बाई, मस्त येतात. आणि गळून जातात. वांझोटी ती."

दादानं बांबूच्या आकडीनं एक फांदी खाली ओढली. तुरे बागेतल्यापेक्षा बारीक आणि लांब, पिवळसर, भरपूर. त्यानं भिंगातून पाहिलं, माझ्याकडे दिलं, मग काकांकडे. चांदणी कुठेच नव्हती. प्रत्येक छदाखाली फक्त दोन-दोन पांढरे ठिपके. सगळ्या दोरीभर, ओळीनं.

"काका, वांझ नाही. हा नर आहे."

आपल्या घाटातल्या रानटी मिऱ्यांत बहुतेक नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी असते. दोन्ही एकाच फुलात असणाऱ्या वेली शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या निवडून, कलमं लावून बागेत आणल्या. रानात अजून जुनीच रीत. तेव्हा नर वेलीला दाणा येणार कुठून?

काकांनी भिंग परत डोळ्याला लावलं. बराच वेळ पाहिलं. आजी काही क्षण गप्प होती, मग पदर तोंडाला लावून जी हसत सुटली! "अगो बाई, गड्याला वांझ म्हटलं की मी. चाळीस वर्सं!" मराठीत वेल तोही चालतो आणि तीही. आजीच्या तोंडी तो तोपर्यंत कायम तीच होता, म्हणजे होती.

"मग ह्याची जी कोण हाय ती कुठं हाय?" काकांनी विचारलं. हाच प्रश्न आता दादालाही छळत होता. नुसत्या नर तुऱ्यावरून नाव लावायला तो तयार नव्हता. रानमिरी म्हणून गावात एकच नाव. पण दोन दिवसांत आम्ही निदान तीन वेगळ्या वेली बघितल्या, आणि ही त्या तिघींत बसत नव्हती. ती नवी आहे असं तो म्हणाला नाही. मी दोनदा विचारूनही म्हणाला नाही. मादीचा तुरा हवा, पिकलेला दाणा हवा, म्हणजे जुलैत एकदा आणि डिसेंबर-जानेवारीत एकदा, तेही ह्याच वेलीच्या आसपास. त्याच्या चिठ्ठीवर त्यानं लिहिलं: 'पायपर', आणि पुढे मोकळी जागा.

काकांनी जाता जाता फणसाच्या खोडावर टिचकी मारली. "लाकूड बघा कसं वाजतंय. चौकटीला एक नंबर." त्या वाक्याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही.

रविवार

सकाळी कणकुंबीला मलप्रभेचा उगम. माऊलीच्या देवळाजवळचं कुंड, सुमारे ७९२ मीटर उंचीवर. ही नदी पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते, आणि ह्याच डोंगरातून निघालेली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरते. त्या म्हादईच्या पाण्यावरून लवादाचा निवाडा २०१८ मध्ये झाला, भांडण अजून चालू आहे, आणि ते पाणी मलप्रभेकडे वळवायच्या कळसा कालव्याचं खोदकाम रस्त्यावरून दिसतं. ह्यावर काकांचं मत होतं, ते जोरदार होतं, आणि ते इथे लिहिण्याची सोय नाही.

मग देवाचं रान. चप्पल बाहेर. आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती पायाखालची: जमीन नव्हतीच, पानांची गादी होती, घोट्यापर्यंत. इथे जळवा पायाला पाणी लागल्यासारख्या सहज चढतात. काकांनी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, त्यात आमचा उल्लेख 'पुण्याची लेकरं, कायबी तोडणार न्हाईत' असा केला. म्हणजे आता सुटका नव्हती.

दादा वर बघत चालत होता आणि सारखा मुळांना ठेचकाळत होता. पाऊण तासानं एका जांभळापाशी थांबला, दुर्बीण लावली, आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. खूप वर, फांदीच्या टोकाला, पानाआडून सुटलेले तीन तुरे. आखूड, जाडसर. त्यांच्यावर काय आहे ते दुर्बिणीतूनही नीट कळत नव्हतं; मला मात्र पांढऱ्या ठिपक्यांना टोकं आहेत असं वाटलं. दादाला तसं वाटलं की नाही, त्यानं सांगितलं नाही. पण त्याचा हात थरथरत होता, हे मी पाहिलं.

इथून काकांचा फणस सरळ रेषेत चारशे पावलं असेल.

खाली पडलेलं काही मिळतं का म्हणून आम्ही पानं उलथवायला वाकलो आणि काका खाकरले. पडलेलंही देवाचंच.

"कौल लावून बघू या की," काका म्हणाले. "देवीनं उजवा दिला तर एक तुरा काय, फांदी घ्या. कोण म्हणंल न्हाई?"

"आत्ता?"

"आत्ता कसं? रोपलावणी चाललीया, गुरव पण शेतात. गणपती होऊ देत."

दादानं वही काढली आणि कधी यायचं ते लिहून घेतलं. नमुन्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख, आधाराचं झाड असे सगळे रकाने असतात. देवीच्या कौलाचा रकाना नसतो. पण तो दिला नाही तर पुढचं सगळं कोरं राहतं.

दुपारची बस वेळेवर आली नाही, मग आलीच नाही. टेम्पोनं जांबोटीपर्यंत, तिथून पुढे बेळगाव. कुंदा घ्यायला दुकान उघडं मिळालं एवढंच. गाडीत दादानं प्रेस मांडीवर धरली होती, तान्हं मूल धरावं तशी, आणि कंडक्टरनं तिचं तिकीट मागितलं.

पुण्यात आल्यावर पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, धाकट्या मुलाचं घर बांधायचं चाललंय, चौकटीला फणसाचं लाकूड लागणार. तो टोकाचा फणस. दिवाळीनंतर तोडायचा ठरलाय. मी म्हटलं, पण काका, त्याच्यावरची वेल? ते जरा घुटमळले. वेल दुसऱ्या झाडावर चढवता येते काय, म्हणून दादाला विचारायला त्यांनी मला फोन केला होता. दादाचा लागत नव्हता.

मागून आजीचा आवाज येत होता. तिनं फोन ओढूनच घेतला असावा.

"सांग त्याला, तो हाय अजून. रोज बघून येते मी. तुरे गळायला लागलेत त्याचे. गणपतीला या म्हणावं, आणि येताना ते भिंग आण."